दुसऱ्या बेलची वाट

गावडे ड्रायव्हरचा पाय पुन्हा उशिरा पडला आणि हुक्केरी सरांनी खुर्ची मागे सारली. हुक्केरी सर आमच्या टेस्ट सेंटरचे मॅनेजर. त्यांनी खुर्ची मागे सारली की त्यांच्या लेखी विषय संपलेला असतो.

“मॅडम, फेल लिहा,” ते म्हणाले.

“अजून एक राउंड घेऊन बघते.”

“चार झाले. पाचव्यात काय नवीन होणार? बाहेर सहाजण बसलेत.”

मारुती गावडे टेस्टच्या सीटवर ताठ बसले होते. वय त्रेपन्न, खाकी कपडे इस्त्रीचे, मिशा पांढऱ्या. उजवा पाय अजून पेडलवर. आमचं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू जात होतं.

“मॅडम,” ते म्हणाले, “माझा पाय उशिरा न्हाय पडत ओ. तुमच्या मशिनीला काय तरी झालंय.”

नापास होणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. निपाणीच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं मानसशास्त्राचे पेपर तपासल्यावर या वाक्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. मी फेल लिहिलं.

आधी आमचं काम काय ते सांगते. कॉलेजातून रिटायर झाल्यावर मी हिंडलग्याला राहायला आले आणि आठवड्यातून तीन दिवस बेळगावच्या या सेंटरमध्ये काम करू लागले. इथे ड्रायव्हर लोकांची तपासणी होते. ट्रकवाले येतात, शाळेच्या व्हॅनवाले येतात, आणि पन्नाशी ओलांडलेले बस ड्रायव्हर दर दोन वर्षांनी खात्याकडून पाठवले जातात. मुख्य टेस्ट रिअ‍ॅक्शन टाइमची. समोर काही घडलं आणि माणसाने त्यावर हालचाल केली, या दोन्हींच्या मध्ये जो वेळ जातो तो रिअ‍ॅक्शन टाइम. तो मिलिसेकंदात मोजतात. एका सेकंदाचे हजार तुकडे केले की एक तुकडा म्हणजे मिलिसेकंद.

पद्धत सोपी आहे. ड्रायव्हरला सीटवर बसवायचं, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. समोर लाल दिवा लागला की पाय उचलून ब्रेक दाबायचा. असं वीस वेळा. मग दुसरी फेरी आवाजाची. आवाज आला की ब्रेक, तेही वीस वेळा. मशीन सरासरी काढतं. दोन्ही फेऱ्यांत सहाशेच्या आत आला तो पास.

गावड्यांची दिव्याची सरासरी चारशे साठ होती. त्या वयाला उत्तम. आवाजाची सातशे सत्तर.

नापास ड्रायव्हरचं पुढे काय होतं तेही सांगायला हवं. त्याच्या हातातून स्टिअरिंग काढतात आणि त्याला डेपोत गाड्या धुवायला किंवा टायर सेक्शनला घालतात. याला ‘लाइट ड्युटी’ म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला ती कधी करावी लागली नसावी.

गावडे कागदावर सही करून उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

“मॅडम, बावीस वर्षं जांबोटीची गाडी चालवतोय. धुक्यात, पावसात. आजवर एक कोंबडं न्हाय मारलं.”

“गावडे, मशीन जे दाखवतं तेच मला लिहावं लागतं.”

“लिवा की. तुमचं काम हाय.” त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “फकस्त एवढंच की आमच्याच गावची पोरं त्याच डेपोत उतरत्यात कॉलेजला जायला. ती बघणार, गावडेमामा बस धुतोय.”

त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. चढवला नाही.

त्या दिवशी मी घरी गेले ती आकडे डोक्यात घेऊन. काहीतरी बसत नव्हतं. माणूस आवाजाला दिव्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. डोळ्याला उजेडाचा संदेश तयार करायला जास्त वेळ लागतो, कानाला कमी. हे माझ्या विषयातलं अगदी जुनं, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधलं ज्ञान. गावड्यांचं मात्र उलट होतं, आणि थोडंथोडकं नाही, तीनशे मिलिसेकंदांनी उलट.

म्हणजे कान गेले असणार. मी हुक्केरी सरांना सांगून रिपोर्ट थांबवला आणि गावड्यांना कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तीन दिवसांनी कागद आला. कान तिशीतल्या माणसाचे असावेत तसे होते.

“मग नसा मंदावल्या असतील,” हुक्केरी सर म्हणाले. “‘मंद प्रतिसाद’ लिहा आणि पाठवून द्या. सोमवारी डेपोला रिपोर्ट पोचायला पाहिजे.”

“सर, पाय तोच, नस तीच. दिव्याला पळते आणि आवाजाला रांगते, असं कसं होईल?”

“ते तुम्ही शिकवायचा. मी कॉमर्सचा माणूस.”

टोमणा होता, पण बरोबर जागी बसला. खरंच, मी शिकवत होते. पहिल्या वर्षाचा पहिला धडा, ‘मानसशास्त्राचा उगम’. पोरांना हमखास झोप आणणारा. बत्तीस वर्षं मी तो त्याच पिवळ्या नोट्सवरून सांगितला आणि खरं सांगायचं तर मलाही जांभई यायची.

धडा थोडक्यात असा. शेकडो वर्षं मन हा तत्त्वज्ञांचा प्रांत होता. ते डोळे मिटून आत बघायचे आणि मन कसं आहे ते लिहायचे. त्यांच्यातल्या एका फार मोठ्या जर्मन माणसाने सांगून टाकलं की मनाचं शास्त्र कधी होणार नाही, कारण मनाला मोजमाप लावता येत नाही. विचार हा क्षणात होतो, त्याला वेळ लागतच नाही, असंच सगळे धरून चालत. पुढे तिकडच्याच एका शरीरशास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाची नस घेतली आणि तिच्यातून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. हे मोजणं माणसाला जमणारच नाही असं त्याचे गुरुजी म्हणाले होते. वेग निघाला हायवेवरच्या मोटारीएवढा. वीज नाही, उजेड नाही, मोटार. म्हणजे पायाला ठेच लागते आणि डोक्याला ते जरा नंतर कळतं.

त्याच्याही आधी आकाश बघणाऱ्यांच्या ऑफिसात एक प्रकार झाला होता. दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून ग्रह-नक्षत्र कधी सरकलं ती वेळ लिहायची असे. साहेबाची वेळ आणि त्याच्या मदतनिसाची वेळ जुळेना. मदतनीस कायम उशिरा. साहेबाने त्याला कामावरून काढला. बऱ्याच वर्षांनी कुणाच्यातरी लक्षात आलं की दोन माणसांची वेळ कधीच जुळत नाही. प्रत्येकाचं मन आपापला वेळ घेतं. मदतनिसाने चूक केलीच नव्हती.

आणि मग हॉलंडमधला एक डोळ्यांचा डॉक्टर. त्याने साधी वजाबाकी केली. नुसती हालचाल करायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग ‘हे करू की ते’ असं ठरवून हालचाल करायला किती लागतो ते मोजलं. मोठ्यातून लहान वजा केलं. उरला तो ठरवण्याचा वेळ. थोडक्यात, एक विचार किती लांबीचा असतो ते त्याने मोजलं. पुढे जर्मनीतल्या विद्यापीठात एका खोलीत काहीजण अशी यंत्रं मांडून बसले आणि आमचा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा निघाला.

हे मी पोरांकडून पाठ करून घेतलं. पाच मार्काला यायचं. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की गावडेही त्या मदतनिसासारखेच, आणि यात साहेब मी आहे. पण वजा कशातून काय करायचं ते कळेना.

शुक्रवारी एक उंच, सडसडीत गृहस्थ सेंटरमध्ये आले. कंडक्टरचा बॅज, कपाळाला गंध, हातात गूळपापडीचा डबा. श्रीपाल उपाध्ये, मूळचे कोगनोळीचे. गावड्यांच्या गाडीवर एकोणीस वर्षं कंडक्टर. डेपोत सगळे त्यांना अण्णा म्हणत.

“डबा परत न्या अण्णा,” मी म्हणाले. “इथे चालत नाही.”

“त्ये तुमच्यासाठी न्हाय. तुमच्या शिपायासाठी हाय. त्यानं मला आत सोडलं.” ते बसले. “मॅडम, मारुतीचा पाय उशिरा पडतोय म्हणून लिवलंय म्हणं तुम्ही.”

“लिहिलंय. अजून पाठवलं नाही.”

“एकोणीस वर्षं मी त्याच्या मागं उभा हाय. त्याचा पाय उशिरा पडत असता तर माझं टाळकं कवाच दांडीवर फुटलं असतं.” त्यांनी डोक्यावरून हात फिरवून दाखवला. “बघा, कुठं खोक न्हाय.”

मला हसू आलं. “अण्णा, कोर्टात असला पुरावा चालेल. इथे नाही.”

“मग तुम्ही येऊन बघा की. उद्या साडेआठची गाडी. बसतासा काय?”

बत्तीस वर्षांत मी कुणाचं मन बघायला कॉलेजच्या बाहेर गेले नव्हते. मी हो म्हटलं.

शनिवारी मी बॉनेटशेजारच्या सीटवर बसले. तिथून ड्रायव्हरचे पाय दिसतात. गावड्यांनी मला बघून मान हलवली, बोलले नाहीत. पिरनवाडी मागे पडली, किणये गेलं. पुढे वळणावर झुडपातून एक म्हैस रस्त्यावर आली. मला ती दिसायच्या आत गाडी थांबली होती. मी पुढे दांडीवर आपटता आपटता राहिले. म्हैस शांतपणे पलीकडे गेली.

हा माणूस मंद आहे असं मी सहीनिशी लिहिलं होतं.

थोडं पुढे गेल्यावर मागून बेल वाजली. दोरी ओढून वाजवायची जुनी बेल. टिंग. मी गावड्यांच्या पायाकडे बघत होते म्हणून दिसलं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला गेला, ब्रेकच्या वर आला आणि तिथे अधांतरी राहिला. दाबला नाही. लगेच दुसरी बेल आली, टिंग, आणि पाय परत अ‍ॅक्सिलरेटरवर गेला. स्टॉपवर कुणी नव्हतं. गाडी न थांबता पुढे गेली.

कुसमळीच्या पुलाअलीकडे पुन्हा टिंग. पाय उचलला, ब्रेकवर अधांतरी राहिला. या वेळी दुसरी बेल आली नाही. तेव्हा कुठे पाय खाली गेला आणि गाडी थांबली. एक म्हातारी भाताचं बोचकं घेऊन उतरली.

मी पुढे जांबोटीपर्यंत दुसरं काही बघितलंच नाही. प्रत्येक बेलला तेच. पाय उठायचा, थांबायचा, आणि मग ठरवायचा. मी पुस्तकात वाचलेली गोष्ट खाकी पँटमधल्या एका पायात माझ्यासमोर चालली होती.

जांबोटीला गाडी थांबल्यावर चहा घेताना मी विचारलं, “गावडे, बेल वाजली की तुम्ही जरा थांबता का?”

“न्हाय की. वाजली की दाबतोय.”

“ब्रेकवर पाय नेऊन थांबता.”

“कवा?” त्यांना खरंच माहीत नव्हतं. “न्हाय ओ मॅडम. मी कशाला थांबू?”

अण्णा बशीत चहा ओतत होते. ते म्हणाले, “एक बेल म्हंजे थांबा. दोन म्हंजे चला. आमचा कायदा हाय. पर मॅडम, दोनातली पहिली बी एकच असती की. दुसरी येतीया का न्हाय, ते ऐकल्याबिगर कसं कळणार?”

मी कप खाली ठेवला. ‘हे की ते’ ठरवण्याचा वेळ. हॉलंडच्या डॉक्टरचं सगळं प्रकरण या माणसाने बशीतला चहा थंड व्हायच्या आत सांगून टाकलं होतं.

“बाकीचे कंडक्टर?” मी विचारलं.

“आताची पोरं शिट्टी मारत्यात, न्हायतर पत्रा बडवत्यात. बेल मारणारा मी एकटाच उरलोय.”

आता आमच्या सेंटरचा पराक्रम ऐका. आमच्या मशीनचा मूळ आवाज म्हणजे बारीक बीप. वरच्या पंख्यात आणि खालच्या रस्त्याच्या गोंगाटात तो नीट ऐकू येईना. म्हणून आठ महिन्यांपूर्वी हुक्केरी सरांनी बाजारातून एक बेल आणून मशीनला जोडली होती. खणखणीत. टिंग. थेट बसच्या बेलसारखी. दोन वर्षांपूर्वी गावडे त्याच मशीनवर बीप ऐकून आरामात पास झाले होते. मी रजिस्टर काढून बघितलं. बेल जोडल्यापासून आलेल्या जुन्या, कधीकाळी बेलवर गाडी चालवलेल्या बस ड्रायव्हरांचे आवाजाचे आकडे थोडे थोडे वाढलेले होते, सहाशेच्या आतच, म्हणून कुणाच्या नजरेत भरले नव्हते. ट्रकवाल्यांचे होते तिथेच. ट्रकमध्ये बेल मारायला कंडक्टर नसतो.

सोमवारी सकाळी मी दोघांनाही बोलावलं. हुक्केरी सर रिपोर्टची वाट बघत होते.

“हे कोण आता?” अण्णांकडे बघून त्यांनी विचारलं.

“हे गावड्यांच्या उशिराचं कारण.”

अण्णांनी माझ्याकडे रागाने बघितलं.

आधी मी अण्णांना मशीनशेजारी बसवलं, बेलचं बटण हातात दिलं आणि सांगितलं, गाडीत मारता तशी डबल बेल मारा, वीस वेळा. मशीन दोन टिंगांमधलं अंतर मोजत गेलं. सरासरी आली तीनशे दहा मिलिसेकंद. सेकंदाचा तिसरा हिस्सा म्हणा. आणि वीसही वेळा जवळजवळ तेवढंच. एकोणीस वर्षं तो हात एकाच तालात दोरी ओढत आला होता.

मग गावडे बसले. दिव्याची फेरी घेतली, चारशे पंचावन्न. मग बेल काढून जुना बीप लावला आणि पंखा बंद केला. चारशे वीस. म्हणजे कानाने डोळ्याला मागे टाकलं, जसं टाकायला हवं तसं. पुन्हा बेल जोडली. सातशे साठ.

मी फळ्यावर वजाबाकी मांडली. सातशे साठ वजा चारशे वीस. तीनशे चाळीस.

मी खाली अण्णांच्या हाताचा आकडा लिहिला. तीनशे दहा.

“म्हंजे काय ओ?” गावड्यांनी विचारलं.

“म्हणजे बेल वाजल्यावर तुमचं मन अण्णांची दुसरी बेल यायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबतं. नेमकं तेवढंच. ती आली नाही की मग पाय दाबतो.”

“आनि वरचे तीस?” हे अण्णांनी विचारलं. कंडक्टर माणूस, फरक नजरेतून सुटत नाही.

“दुसरी येत नाही हे मनाला पटायला लागणारा वेळ असेल,” मी म्हणाले. “खात्रीने नाही सांगत.”

अण्णा फळ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मारुती, येवढं बारीक ऐकत हुतास व्हय रं माझं?”

गावडे लाजले. त्रेपन्न वर्षांचा माणूस, मिशा पांढऱ्या, आणि मान खाली घालून लाजला. “मला काय ठावं,” ते म्हणाले.

मला अजून एक बघायचं होतं. मी गावड्यांना म्हटलं, “आता नीट ऐका. या मशीनमध्ये दुसरी बेल नाहीच. कधीच येणार नाही. टिंग झालं की लगेच दाबायचं.”

“कळलं.”

पुन्हा वीस. सातशे चाळीस.

“गावडे, सांगितलं ना दुसरी येणार नाही?”

“मला कळलंय ओ मॅडम. मी तर लगीच दाबतोय.”

तत्त्वज्ञ डोळे मिटून आत बघायचे आणि आत काय चाललंय ते सांगायचे. गावडेही प्रामाणिकपणे आत बघून सांगत होते, मी थांबत नाही. आणि पाय थांबत होता. माणसाला स्वतःचं मन आतून दिसत नाही, म्हणून लोक बाहेरून मोजायला गेले, म्हणून माझा विषय जन्मला. बत्तीस वर्षं मी हे ‘कारणे द्या’मध्ये विचारलं. त्या खोलीत, त्या फळ्यासमोर, मला पहिल्यांदा ते खरं वाटलं. दोन माणसं रोज एका गाडीत चढतात, आणि एकाच्या हाताचा ताल दुसऱ्याच्या पायात जाऊन बसतो, दोघांनाही न कळता, मिलिसेकंदाच्या हिशेबात. मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले. आजवर देवळातही मला असं काही वाटलेलं नाही.

हुक्केरी सरांना मात्र वेगळंच दिसत होतं.

“मॅडम, हे सगळं छान आहे. पण रिपोर्टमध्ये काय लिहिणार?”

“टेस्ट चुकीची झाली. गावडे पास.”

“टेस्ट चुकीची? मशीन सर्टिफाइड आहे.”

“मशीन आहे. बेल नाही.”

त्यांची अडचण मला कळत होती. मशीनला परस्पर काही जोडलं हे खात्याला कळलं तर सेंटरचं काम जाण्याचा संभव होता. आणि ते गेलं तर माझंही जाणार होतं.

“बीपवर पुन्हा घेतली, पास झाला, एवढंच लिहा,” ते म्हणाले. “बेलचं कशाला?”

“पहिल्या कागदावर माझी सही आहे सर. फेल लिहायला तुम्ही सांगितलंत, पण लिहिलं मी. कारण न देता ते खोडलं, तर उद्या एखादा म्हणेल गूळपापडी खाऊन खोडलं.”

“शिपायानं खाल्ली,” अण्णा मध्येच म्हणाले.

हुक्केरी सर चिडले. “त्या बेलमध्ये एवढं काय आहे, मीच बसून बघतो,” म्हणाले आणि सीटवर बसले. सर कारने फिरणारे, बसच्या बेलशी त्यांचा संबंध शाळा सुटल्यापासून नाही. त्यांना वीस वेळा बेल दिली. सरासरी सहाशे चाळीस. मग बीप दिला. सहाशे पस्तीस. त्यांचं मन कशाचीही वाट बघत नव्हतं. ते नुसतेच मंद होते.

गावड्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मीही.

“आयतु री,” हुक्केरी सर उठत म्हणाले. त्यांनी हार मानली की कानडीत मानतात. “लिहा काय लिहायचं ते.”

मी दोन पानं लिहिली. बेल कधी आणि का जोडली, आकडे कसे बदलले, वजाबाकी काय सांगते. शेवटी लिहिलं की मूळ निष्कर्ष माझी चूक होती. खात्याने आठ दिवस काही कळवलं नाही. ते आठ दिवस, निर्णय होईपर्यंत, गावड्यांना स्टिअरिंगवरून उतरवून डेपोत बसवलं होतं, आणि बातमी मला रोज अण्णा फोन करून द्यायचे. आज गाडी धुवायला लावली न्हाय. आज बी न्हाय. आज बादली आणून ठेवलीया. नवव्या दिवशी पत्र आलं. गावडे फिट. सेंटरने बेल काढावी, आवाज ठरलेलाच वापरावा, आणि गावड्यांची तपासणी खात्रीसाठी एक वर्षाने पुन्हा घ्यावी. सेंटरला तंबी मिळाली, काम राहिलं. गावडे दुसऱ्या दिवशी साडेआठच्या गाडीवर गेले.

ते वर्ष गेलं. मधल्या एप्रिलमध्ये श्रीपाल अण्णा रिटायर होऊन कोगनोळीला गेले. गावड्यांच्या गाडीवर नवा कंडक्टर आला, शिट्टीवाला. वर्षाने गावडे तपासणीला आले. दिवा चारशे साठ, बीप चारशे पंचवीस. पास. कागदावर सही झाली.

“गावडे, एक गंमत करू या?” मी म्हणाले. “रिपोर्टमध्ये जाणार नाही.”

मी कपाटातून ती बेल काढली आणि जोडली. वीस वेळा टिंग. गावडे प्रत्येक वेळी, त्यांच्या मते, लगेच दाबत होते.

सातशे पन्नास.

अण्णा गेल्यापासून त्यांच्या कानावर एकही बेल पडली नव्हती. अण्णा तिथे सत्तर-ऐंशी किलोमीटरवर उसाला पाणी पाजत होते. आणि हा पाय अजून त्यांच्या दुसऱ्या बेलसाठी जागच्या जागी थांबत होता. मी आकडा गावड्यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि आकडा पुन्हा बघितला.

संध्याकाळी मी अण्णांना फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

“अजून थांबतोय व्हय?” अण्णा म्हणाले.

“थांबतायत. बेल आता येणार नाही हे त्यांना माहीत आहे.”

“त्याला माहीत हाय ओ मॅडम,” अण्णा म्हणाले. “त्याच्या पायाला कोण सांगणार?”

माझ्या विषयाकडे याचं उत्तर अजून नाही.

बाकी सेंटरचं म्हणाल तर आमच्या फॉर्मवर आता एक रकाना वाढला आहे. मशीनवर बसवण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचं, तुम्ही गाडीत कोणकोणत्या आवाजावर चालता? एका ओळीचा प्रश्न आहे. मला तो सुचायला बत्तीस वर्षं नोकरी आणि एक चुकीची सही लागली.